अवजारांच्या पिशवीतलं पाकीट

प्रिय मावशी,

वाकून नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला आम्ही खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण ते खोटं होईल, म्हणून आधीच सांगून टाकते की मी चार दिवस झोपलेले नाही. छकुलीमुळे नाही. छकुली मजेत झोपते. मी झोपले नाही कारण दादा सहा दिवस बैठकीला आलेला नाही, फोन उचलत नाही, आणि तो का येत नाही ते अख्ख्या जगात फक्त मला माहीत आहे. पाच वर्षं आणि दोन महिने त्याने दारूला हात लावलेला नाही. आता लावला तर तो माझ्यामुळे. मी काय केलं ते सांगते, पण मला पहिल्यापासून सांगावं लागेल, मधूनच सांगितलं तर तू मला मूर्ख म्हणशील. पहिल्यापासून सांगितलं तरी म्हणशीलच, पण जरा उशिरा.

तुझे गुडघे कसे आहेत? कानाचं मशीन लावतेस की अजून डब्यातच ठेवलंयस? तुला फोन केला की "कोण? कोण बोलतंय?" एवढंच ऐकायला मिळतं आणि मग तू ठेवून देतेस, म्हणून हा सगळा लिहिण्याचा खटाटोप. माझी शाळा किती झाली ते तुला माहीतच आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घे. (हे जे कोणी वाचून दाखवत असतील त्यांनाही नमस्कार. मागचं पत्र पोस्टमनने वाचलं आणि मधलं एक पान लाजून गाळलं असं मावशी म्हणाली. या वेळी लाजण्यासारखं काही नाही. सगळं वाचा, मोठ्याने वाचा, आणि डाव्या बाजूला बसून वाचा, उजवा कान नुसता शोभेला आहे.)

तर तुझ्या जावयांना दारू सोडून आता अकरा महिने होतील. त्यांना बैठकीला पहिल्यांदा नेलं ते दादानेच. टायरच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे हे सगळे दारू सोडलेले लोक आठवड्यातून तीनदा जमतात, बारा जण आहेत. नावं कोणी कोणाची घेत नाही, तो त्यांचा नियमच आहे, आणि खोलीत बोललेलं बाहेर बोलायचं नाही हा दुसरा नियम. (तो मी आत्ता मोडते आहे. पण तू त्यातल्या कोणाला कधी भेटणार आहेस!) एक मास्तर आहेत, चौदा वर्षांचे. म्हणजे सोडून चौदा वर्षं झाली, वय सत्तरच्या पुढे आहे. एक पार्लरवाली ताई आहे. एक रंगारी आहे, त्याला लांब्या म्हणतात, तो दारातून येताना वाकतो आणि तरी आपटतो. दादाकडे खोलीची जबाबदारी. फ्रिज दुरुस्तीचं दुकान लवकर बंद करून तो आधी जाणार, खुर्च्या मांडणार, चहाचं आधण ठेवणार.

पण खरी बैठक खोलीत होत नाही, मावशी. ती होते बाहेरच्या गॅलरीत. आत तासभर बोलून झालं की सगळे गॅलरीत जाऊन सिगारेट ओढणार. दारू सोडली ना, मग उरलंय काय हातात? बारा माणसांचा धूर बघून खालचा टायरवाला दोनदा पाण्याची बादली घेऊन वर धावला होता. पण दादा म्हणतो, माणूस वाचतो तो गॅलरीतच. हे पहिल्या दिवशी गेले तेव्हा आत बसवेना, पाय हलत होते, उठून जिन्याकडे निघाले, तर दादाने गॅलरीतून हाक मारली, दाजी, माचिस आहे का? माचिसच्या निमित्ताने थांबले ते थांबलेच. हे मला स्वतः यांनी सांगितलंय. म्हणून सिगारेटवर माझा कधीच राग नव्हता. उलट संध्याकाळी हे दारात आले की मी पुढे होऊन पिशवी घ्यायच्या निमित्ताने आधी वास घ्यायची. सिगारेटचा वास आला की माझा जीव भांड्यात पडायचा. चला, धूर आहे, म्हणजे दुसरं काही नाही. लोकांच्या बायका नवऱ्याला सेंट लावायला सांगतात, माझी ही तऱ्हा.

मग छकुलीला खोकला लागला. छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मग यांच्या शर्टाचा वास घेतला (त्यांचं नाकही माझ्यासारखंच दिसतंय) आणि म्हणाल्या, बाहेर ओढून आलात तरी कपड्यातून येतोच हो. हे आम्हाला घरी सोडून थेट मास्तरांकडे गेले. मास्तरांनी त्या डॉक्टरीणबाईंनाच बैठकीला बोलावलं. बाईंनी तोंडावर सांगितलं की तुमच्यासारखी माणसं एवढ्या कष्टाने बाटलीतून वर येतात आणि मग या पाकिटापायी जातात. आणि दोन्ही सोडलं तर दारू परत सुरू होईल ही भीती काढून टाका, उलट सिगारेटही सोडणाऱ्यांची दारू जास्त सुटलेली राहते. हे सगळ्यांनी ऐकलं. मीही कोपऱ्यात छकुलीला घेऊन बसले होते, मीही ऐकलं. पण ऐकलेलं पोटात कुठे उतरतं?

अकरा जणांनी तिथल्या तिथे पाकिटं, लायटर, माचिस सगळं एका पत्र्याच्या डब्यात टाकलं आणि मास्तरांनी डबा कपाटात घातला. बारावा दादा. तो म्हणाला, मी एका वेळी एकच गोष्ट सोडतो आणि ती माझी अजून सोडूनच होतेय. कोणी हसलं, कोणी रागावलं. आणि उद्या नवीन माणूस आला आणि त्याला आत बसवेना, तर गॅलरीत त्याला माचिस कोण मागणार, असंही म्हणाला. मास्तर म्हणाले, पाणी मागा. दादा म्हणाला, पाणी मागून कोण थांबतं?

आता या सगळ्यांची चूक ऐक. दारू सोडताना बैठकीचा एक नियम असतो, पहिला घोट घ्यायच्या आधी बैठकीतल्या एकाला फोन करायचा. तो नियम चांगला आहे, त्याने यांना तीनदा वाचवलंय. सगळ्यांनी तोच नियम जसाच्या तसा सिगारेटला लावला. पण दारूची तलफ येते आठवड्यातून एकदोनदा, आणि सिगारेटची दर वीस मिनिटांनी! अकरा माणसं दर वीस मिनिटांनी एकमेकांना फोन करायला लागली. सगळ्यांचे फोन सगळा वेळ बिझी. पार्लरवाली एका बाईची बट चिमटीत धरून, दुसऱ्या हाताने एकामागून एक दहा नंबर लावत होती, ती बाई आरशात बघून घाबरली की माझ्या केसांना असं झालंय तरी काय. शेवटी पार्लरवालीने वैतागून दादाला लावला, त्याचा एकट्याचाच मोकळा होता, कारण त्याने सोडलीच नव्हती. ती त्याच्याशी पाच मिनिटं बोलली आणि तिची तलफ गेली. हे तिने लांब्याला सांगितलं. लांब्याने सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून अकराही जण दादाला फोन करायला लागले. दादा दुकानात, एका खांद्यात फोन, हात फ्रिजच्या मागे, आणि तोंडात पेटलेली सिगारेट, असा सगळ्यांना सांगायचा, धर, अजून पाच मिनिटं धर, गेली की नाही? पार्लरवाली म्हणते, पलीकडे लायटरचा आवाज यायचा आणि तेवढ्यानेच अर्धं बरं वाटायचं.

मावशी, हे नीट लक्षात ठेव. जो एकटा सोडायला तयार नव्हता त्याने बाकीच्यांना सोडवली.

दारू सोडायच्या त्यांच्या ठरलेल्या पायऱ्या असतात, त्यातली एक म्हणजे ज्यांना त्रास दिला त्यांची माफी मागायची. दारूच्या वेळी हे माझ्या पाया पडायला निघाले होते, मी दोन पावलं मागे सरले आणि मीच स्टुलाला अडखळून पडले. तर लांब्याने ठरवलं, सिगारेटची पण माफी मागायची. रंगवलेल्या घरी गेला आणि म्हणाला, काकू, तुमच्या हॉलचा रंग लावताना माझी राख डब्यात पडायची, मी ढवळून टाकायचो, मला माफ करा. काकूंनी माफ केलं. मग चष्मा लावून भिंत बघितली, आणि ती भिंत परत रंगवून घेतली. दोन घरांनंतर मास्तरांनी त्याला ती पायरी पुढे ढकलायला सांगितलं.

तरी फोनने भागेना तेव्हा मास्तर म्हणाले, एकटं राहायचंच नाही, सगळ्यांनी एकत्र बसायचं. कुठे बसायचं? तर आमच्याकडे. कारण काय, तर ज्या घरात खोकणारं बाळ आहे तिथे कोणाचा हात खिशाकडे जाणार नाही. मला कोणी विचारलं नाही. कामावरून सुटले की आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसं, आणि हात रिकामे. लांब्याने बाथरूमचं दार काढून परत बसवलं, ते आधी चांगलं लागत होतं. पार्लरवालीने माझे केस कापले, मग परत कापले, आता कापायला काही उरलं नाही. गाजरं, बिस्किटं, फुटाणे, जे दिसेल ते चावून टाकलं. आणि ज्याला तलफ येईल त्याच्या मांडीवर छकुलीला द्यायचं. आठ महिन्यांचं माझं लेकरू, रेशनच्या रांगेतल्या पिशवीसारखं या हातातून त्या हातात. आता तिला माझ्या मांडीवर झोप येत नाही, लांब्याचा खांदा लागतो. मी काही बुटकी नाही, पण लांब्याइतकी उंची कुठून आणू? दादाही यायचा. आम्हाला सोडून तुम्ही एकटे कुठे जाता म्हणून सगळे ओढून आणायचे. त्याला ओढायची असली की तो चार घरं पुढे जाऊन ओढून, तोंड धुऊन, शर्ट झटकून परत यायचा. छकुलीला मात्र घ्यायचा नाही. म्हणायचा, माझ्या कपड्याला वास आहे.

आता माझं ऐक. बाराव्या दिवशी हे संध्याकाळी दारात आले, मी पिशवी घ्यायला पुढे झाले, आणि पेपरमिंटचा वास आला. पिण्याच्या दिवसांत हे हेच करायचे, पिऊन आले की पेपरमिंट चघळत यायचे. आता या गोळ्या डॉक्टरीणबाईंनी दिल्यात, सिगारेट सोडायच्या, त्या तोंडात धरायच्या असतात, मला माहीत होतं. डबी मीच फळीवर ठेवली होती. पण ते माझ्या डोक्याला माहीत होतं, नाकाला माहीत नव्हतं. चार दिवस रोज तोच वास. वर चिडचिड, घाम, रात्री कूस बदलणं, सगळं तसंच, तेव्हासारखं. मी विचार केला, यापेक्षा एक सिगारेट ओढली तर काय बिघडेल? हे प्यायले तर मी छकुलीला घेऊन कुठे जाऊ?

म्हणून मी दुकानात गेले आणि पाकीट घेतलं. दुकानदार म्हणाला, कुठलं देऊ? मला काय माहीत कुठलं. यांनी आणलेलं पाकीट मी कधी नीट बघितलंच नव्हतं. लहानपणी दादासाठी मी कोपऱ्यावरून आणायची (तुला न सांगता. आता सांगितलं.) तेवढं एकच नाव माझ्या तोंडात होतं. तेच मागितलं. आणि यांच्या काचा बसवायच्या अवजारांच्या पिशवीत, काच कापायच्या हिऱ्याच्या कप्प्यात, ठेवून दिलं. कोणी ठेवलं हे त्यांना कळणार नाही, तलफ आली की हात जाईल, एक ओढतील, घरी धुराचा वास घेऊन येतील आणि मी झोपेन. एवढंच माझं डोकं.

पुढच्या रविवारी दुपारी सगळे आमच्याकडे. वाऱ्याने खिडकीची काच खडखडत होती. मास्तर म्हणाले, अहो काचवाले, स्वतःच्या घरचं तेवढं बघा. यांनी पिशवी उलटी केली आणि ते पाकीट टप्पकन छकुलीच्या दुपट्यावर पडलं. आधी छकुलीने उचललं आणि तोंडात घातलं. अकरा जणांनी एकदम झेप घेतली, लांब्याचं डोकं मास्तरांच्या हनुवटीवर आपटलं, छकुलीने भोकाड पसरलं. मग पार्लरवालीने पाकीट हातात धरून वरचं नाव वाचलं. त्या नावाची सिगारेट आख्ख्या बैठकीत एकटा दादा ओढतो.

मास्तर एवढंच म्हणाले की आपण इथे कोणाला दोष देत नाही. आणि ते म्हणतानाच सगळ्यांनी दादाकडे बघितलं. हे म्हणाले, दादा, तुम्ही मला वर काढलंत, म्हणून मी काही बोलत नाही. दादाने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, दाजी, बोलला असतात तर बरं झालं असतं. आणि चपला घालून गेला.

मी काय करत होते? मी छकुलीची दुधाची बाटली हलवत उभी होते. रिकामी बाटली. तोंड उघडलं नाही. कारण आदल्याच दिवशी हे सगळ्यांसमोर बोलले होते की माझ्या बायकोने माझ्यावर विश्वास टाकलाय म्हणून मी टिकून आहे. आता त्याच लोकांसमोर मी कसं सांगू, की तिने तुमच्या पिशवीत काय टाकलंय?

इथपर्यंत लिहिलं आणि छकुली उठली. आता दुसरा दिवस आहे, शाई पण दुसरी आहे. वर मी लिहिलंय की हे फक्त मलाच माहीत आहे, ते आता खरं राहिलं नाही. सकाळी यांना चहा दिला आणि सांगून टाकलं. म्हटलं, होईल ते होवो. मी आधी रडले, मग सांगितलं, त्यामुळे पहिल्यांदा यांना वाटलं तू गेलीस. (मावशी, तुझ्यासाठी ते खरंच हळहळले, सांगायला हरकत नाही.) सगळं ऐकून घेतलं. कप खाली ठेवला. मला वाटलं आता उठतील आणि थेट दारूच्या दुकानात जातील. तर म्हणाले, अगं, रोज दारात तू हुंगतेस ते मला काय कळत नाही? मी मुद्दाम दोन मिनिटं चपला काढत उभा राहतो. घे म्हटलं, नीट घे वास. मग मला समोर बसवून तोंडावर मोठा श्वास सोडला. चहा आणि पेपरमिंट. एवढा घाणेरडा वास मी आयुष्यात घेतला नाही, पण मला हसू आलं. त्यांना नाही आलं. ते म्हणाले, दादांना आपण मारून टाकलंय गं, आणि शर्ट घालून मास्तरांकडे गेले.

चोविसावा दिवस आहे त्यांचा. सिगारेट नाही, दुसरंही काही नाही. छकुलीची शिट्टी कमी आहे. तुझी काळजी घे. दादाचं काही मनावर घेऊ नकोस, तो रुसलाय, येईल. मशीन लाव.

तुझी,
धाकटी

ता. क. माझे केस परत वाढले की फोटो पाठवते. आता मागू नकोस.

ता. क. पाकीट आणायची ते लहानपणचं तू ऐकलंसच. तेव्हा मी सात वर्षांची होते, तेव्हाची शिक्षा आता देऊ नकोस.

ता. क. हे वाचणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही, पण इथून पुढे मोठ्याने वाचू नका. पत्र संपलं असं मावशीला सांगा आणि तिला पाणी द्या.

दादा रुसलेला नाही. आज दुपारी यांनी आणि मास्तरांनी त्याचं दुकान गाठलं. शटर खाली होतं आणि आत रेडिओ चालू होता. यांनी हाक मारली, तर रेडिओ बंद झाला. भर बाजारात ओरडून सांगता येईना, कारण तो कुठल्या बैठकीला जातो हे तिथे कोणाला माहीत नाही आणि कळू द्यायचं नाही. चिठ्ठी लिहून शटरखालून सरकवली, ती न उघडता तशीच बाहेर आली. आमचे सगळ्यांचे नंबर त्याच्याकडे आहेत, उचलत नाही. मी औषधवाल्याच्या फोनवरून केला, माझा आवाज ऐकून ठेवला. पण अनोळखी नंबर तो उचलतोच, फ्रिजचं गिऱ्हाईक असेल म्हणून. आणि अनोळखी नंबर, अनोळखी आवाज, असे आता आम्हाला फक्त तुम्हीच आहात.

त्याचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय, पत्राच्या पाकिटाच्या. आधी म्हणा, आमचा फ्रिज थंड होत नाही. म्हणजे तो ऐकून घेईल, फ्रिजचं तो नेहमी ऐकून घेतो. मग लगेच म्हणा, ते पाकीट तुमच्या बहिणीने ठेवलं होतं, भीतीपोटी, आणि तिने ते सगळ्यांना सांगितलंय. (आज संध्याकाळी सांगणार आहे. पत्र पोचेपर्यंत सांगून झालेलं असेल, खोटं बोलायला लावत नाही तुम्हाला.) एवढंच म्हणा. मावशीच्या हातात फोन देऊ नका, ती आधी रागावेल आणि मग रडेल.

तो काय बोलला ते मला नाही कळवलंत तरी चालेल. शिव्या दिल्या तर माझ्या नावावर घ्या. फक्त तो बोलताना जीभ जड होती की साफ होती, तेवढं ऐका. फ्रिज म्हणताना त्याचा र नीट निघतो का बघा. नीट निघाला तर मी झोपेन. नाही निघाला तर फोन ठेवू नका, काहीही बोलत राहा, तुमच्या फ्रिजबद्दल बोला, आणि दुसऱ्या फोनवरून यांना कळवा, नंबर त्याच्याच खाली आहे.

पत्राची घडी नंतर घाला. आधी माझ्या भावाला फोन करा.